मनगटावरचे घड्याळ आणि गावातला टॉवर



महिन्याभरापूर्वीची गोष्ट आहे. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जुळे सोलापुरात राहतात. वय वर्षे ७८. पहाटे उठून विजापूर रस्त्यालगतच्या धर्मवीर संभाजी तलावाकडे फिरायला जाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे. जुनी माणसे आजही त्याला कंबर तलावच म्हणतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या दिवाळीत वडिलांसाठी एक स्मार्टवॉच पाठवले. नाडीचे ठोके मोजणारे, पावले मोजणारे, आणि मुख्य म्हणजे ज्यावरून थेट फोन लावता येतो असे. घड्याळ आल्यापासून भाऊजींनी खिशात फोन ठेवणे सोडून दिले. ‘‘लेकच मनगटाला बांधली आहे, आता खिशात ओझे कशाला?’’ असे ते कौतुकाने म्हणत.

त्या दिवशी तलावाजवळ पायरीवरून त्यांचा पाय घसरला. ते आपटले नाहीत, कठड्याला धरत हळूहळू खाली बसले. पण घोटा इतका मुरगळला की उठणे अशक्य झाले. त्यांनी घड्याळावर ताईचे नाव दाबले. फोन लागला नाही. पुन्हा दाबले, पुन्हा नाही. पाच महिने घरात रोज चालणारे ते यंत्र तलावाकाठी मुके झाले होते. शेवटी फिरायला आलेल्या एका अनोळखी तरुणाने आपल्या फोनवरून ताईला कळवले आणि रिक्षाने त्यांना घरी आणून सोडले. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. मात्र ‘‘त्या जागी छातीत कळ आली असती तर?’’ हा ताईचा प्रश्न अजून बरा झालेला नाही.

भाचीला कळवले तेव्हा ती रडवेली झाली. ‘‘मावशी, खोक्यावर तर सेल्युलर असे स्पष्ट लिहिले होते गं!’’ तिचे म्हणणे खरे होते. घड्याळ सदोष नव्हते, भाऊजींचा हातही चुकला नव्हता. मग घड्याळ का बोलले नाही, हे समजून घेण्यासाठी आजचा हा लेख. परदेशातील मुलांनी आईवडिलांसाठी अशी घड्याळे पाठवण्याची प्रथा आपल्या शहरातही आता रुळली आहे. त्यामुळे हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

घरात चालते, तलावावर का नाही?

प्रथम एक गैरसमज दूर करू. घड्याळावरून फोन लागला म्हणजे घड्याळाने तो स्वतःच्या बळावर लावला, असे नसते. स्मार्टवॉच तीन मार्गांनी बोलू शकते. पहिला मार्ग म्हणजे जवळच्या फोनचा आधार. ब्लूटूथच्या साहाय्याने घड्याळ फोनशी जोडलेले असते आणि बोलणे प्रत्यक्षात फोनच्या सिमवरून जाते. हा आधार साधारणपणे एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंत पुरतो. दुसरा मार्ग घरच्या वायफायचा. तिसरा मार्ग मात्र खऱ्या अर्थाने स्वतंत्र आहे. घड्याळाच्या पोटात बसवलेले ई-सिम थेट मोबाइल कंपनीच्या टॉवरशी बोलते, फोन घरी असला किंवा बंद असला तरीही.

भाऊजींच्या घड्याळाचे पहिले दोन मार्ग उत्तम चालू होते. दिवाणखान्यात फोन टेबलावर, वायफाय कोपऱ्यात आणि घड्याळ मनगटावर. त्यामुळे पाच महिने कोणालाही शंका आली नाही. तिसरा मार्ग मुळात कधी उघडलेलाच नव्हता, आणि ते कळण्याची पहिली वेळ तलावाकाठी आली. घड्याळ घरात उत्तम चालते म्हणूनच त्याच्या या उणिवेचा पत्ता लागत नाही.

हा तिसरा मार्ग उघडायचा तर तीन ठिकाणांहून होकार यावा लागतो. घड्याळाच्या घडणीतून, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून आणि देशाच्या नियमांतून. तिघांपैकी एकाचा जरी नकार आला तरी खोक्यावरचा ‘सेल्युलर’ हा शब्द कोरडाच राहतो. आता एकेकाचा विचार करू.

रुळांची रुंदी

आपल्या जिल्ह्यातील ज्येष्ठांना कुर्डुवाडी स्थानक चांगलेच आठवत असेल. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे तेथून निघे. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, तर मुंबईहून सोलापूरकडे येणाऱ्या मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट. बार्शीच्या गाडीचे इंजिन धडधाकट होते, डबे उत्तम होते. पण ती गाडी मुख्य मार्गावरून सोलापूरला येऊ शकत नव्हती. उतारूंना बोचकी उचलून गाडी बदलावी लागे. पुढे ती वाट टप्प्याटप्प्याने रुंद झाली आणि तो खटाटोप संपला.

मोबाइलच्या लहरींचेही असेच आहे. प्रत्येक देश आपापल्या सोयीने लहरींचे काही पट्टे मोबाइल कंपन्यांना देतो. भारतात ४जी सेवेसाठी ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे प्रामुख्याने वापरात आहेत. अमेरिकेत ७००, १७०० आणि १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर मोठी भिस्त आहे. ८५० सारखा एखादा पट्टा दोन्हीकडे आढळतो, पण आपल्या कंपनीचा आपल्या भागातील टॉवर नेमका त्याच पट्ट्यावर बोलेल याची खात्री नसते. युरोपात १८०० चा पट्टा सर्रास वापरला जातो. म्हणून तिकडचे घड्याळ लहरींच्या बाबतीत आपल्याकडे जुळण्याची शक्यता तुलनेने अधिक असते.

यावर कोणी विचारील, ‘‘अमेरिकेतून आणलेला फोन तर सोलापुरात बिनतक्रार चालतो, मग घड्याळ का नाही?’’ याचे उत्तर आकारात आहे. फोन तळहाताएवढा असतो. त्यात अनेक पट्ट्यांसाठी अँटेना आणि इतर भाग बसवायला जागा असते. त्याची बॅटरी चार-पाच हजार मिलीॲम्पियर-तासांची असते. घड्याळाची बॅटरी बहुधा तीनशे ते सहाशेच्या दरम्यान. तेवढ्या जागेत आणि तेवढ्या शक्तीवर जगातील सर्व पट्टे सांभाळणे अवघड. म्हणून उत्पादक एकाच नावाच्या घड्याळाचे वेगवेगळ्या भूभागांसाठी वेगवेगळे नमुने काढतात. अमेरिकेसाठी एक, युरोप व आशियाच्या मोठ्या भागासाठी दुसरा, चीनसाठी तिसरा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. फरक पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेल्या मॉडेल क्रमांकात असतो.

एक नंबर, दोन उपकरणे

लहरी जुळल्या तरी काम अर्धेच झाले. दुसरा होकार मोबाइल कंपनीचा असतो, आणि सर्वाधिक घोळ येथेच होतो.

साध्या फोनात आपण सिमकार्ड घालतो आणि काम होते. घड्याळात कार्ड घालायला खाच नसते. त्यात ई-सिम असते, म्हणजे कारखान्यातच बसवलेली एक चकती. तिच्यात कंपनीची ओळख दूरवरून, इंटरनेटमार्फत उतरवली जाते. ही पद्धत फार जुनी नाही. सर्व कंपन्यांनी मान्य केलेल्या प्रमाणानुसार ई-सिम असलेले पहिले उपकरण २०१६ साली बाजारात आले, आणि तेही सॅमसंगचे एक घड्याळच होते.

आता खरी गंमत पाहा. आपल्याला घड्याळासाठी वेगळा नंबर नको असतो. फोनवर कोणी आपल्याला बोलावले तर घड्याळही वाजावे आणि घड्याळावरून आपण बोललो तर समोरच्याला आपलाच नेहमीचा नंबर दिसावा, अशी आपली अपेक्षा असते. पण नेटवर्कच्या दृष्टीने ही दोन वेगळी उपकरणे आहेत. घड्याळातील ई-सिमला स्वतःची एक वेगळी, आपल्याला न दिसणारी ओळख असते. ती ओळख फोनच्या नंबराशी बांधणे, येणारा कॉल दोन्हीकडे पोचवणे, दोघांचा हिशेब एका बिलात मांडणे, हे सारे काम मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत होते. घड्याळ बनवणाऱ्याच्या कारखान्यात ते होत नाही. त्यासाठी कंपनीला खास व्यवस्था उभारावी लागते, प्रत्येक उत्पादकाच्या घड्याळाबरोबर ती तपासून पाहावी लागते आणि करार करावा लागतो.

म्हणून एकाच गावात एका कंपनीच्या नंबरावर घड्याळ चालते आणि दुसऱ्या कंपनीच्या नंबरावर चालत नाही. टॉवर दोघांचेही शेजारी शेजारी असतात, पण एकीने ही व्यवस्था उभारलेली असते, दुसरीने नसते. जेथे अशी घड्याळे वापरणारे ग्राहक मूठभर, तेथे एवढा खर्च करण्याची घाई कंपनी करत नाही. एखादी कंपनी एका उत्पादकाची घड्याळे स्वीकारते आणि दुसऱ्याची नाही, किंवा पोस्टपेड ग्राहकाला सेवा देते आणि प्रीपेड ग्राहकाला देत नाही, यामागेही हेच व्यवहार असतात. आणि फोनचा नंबर व घड्याळाची सेवा एकाच कंपनीची असावी लागते, कारण दोन कंपन्या मिळून एक नंबर वाटून घेत नाहीत.

बोलण्याच्या पद्धतीचाही यात भाग आहे. पूर्वी आवाज २जी किंवा ३जी जाळ्यावरून जाई. आता काही कंपन्यांकडे ती जाळी नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या जिओकडे २जी-३जी कधीच नव्हते. एअरटेलने २०२० मध्ये ३जी बंद केले. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी गुंडाळले. अशा ठिकाणी आवाजही ४जी वरूनच जावा लागतो, आणि अमुक घड्याळाचा आवाज आमच्या ४जी वरून जाऊ द्यावा, अशी मान्यता त्या त्या कंपनीने द्यावी लागते. केवळ ३जी जाणणारे जुने घड्याळ तर अशा जाळ्यात शोभेचेच उरते.

भाऊजी घड्याळ घेऊन आपल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले, तेव्हा काउंटरवरील मुलाने ते उलटे करून पाठीवरची बारीक अक्षरे वाचली आणि नम्रपणे सांगितले, ‘‘काका, घड्याळ चांगले आहे, पण हे मॉडेल आमच्या यादीत नाही.’’ ती यादी पाहण्याचे दिवाळीत कोणालाच सुचले नव्हते.

देशाची नियमावली

तिसरा होकार सरकारचा. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे, त्याची ओळख पटवली आहे का, यंत्रणा देशात आहे की परदेशात, याची काळजी प्रत्येक सरकार घेते. कार्ड हाती न देता दूरवरून उतरवले जाणारे सिम म्हणजे या नियमांपुढे नवा प्रश्न होता.

चीनमध्ये सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या घड्याळाची मोबाइल सेवा सुरू झाली आणि काही दिवसांतच नव्या ग्राहकांसाठी ती थांबवण्यात आली. ग्राहकाची ओळख पटवण्याचा प्रश्न त्यामागे असावा, असे तेव्हा जाणकारांनी म्हटले. आपल्याकडे हेच घड्याळ ११ मे २०१८ रोजी जिओ आणि एअरटेल या दोन कंपन्यांच्या सेवेसह आले. जगात पहिल्यांदा विक्री सुरू झाल्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी. आल्याबरोबर वादही झाला. जिओची ई-सिम देणारी यंत्रणा देशाबाहेर असल्याची तक्रार एअरटेलने दूरसंचार विभागाकडे केली. जिओने ती फेटाळली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने ई-सिमच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आज आपण दुकानात सहज मागतो ती सोय अशा वाटेने आली आहे. प्रत्येक देशाने ही वाट आपापल्या वेगाने चालली. म्हणून काही ठिकाणी सेवा लवकर आली, काही ठिकाणी उशिरा, आणि काही ठिकाणी अजून आलेली नाही.

मुलांकडे सहा महिने

आता उलट बाजू. आपल्यापैकी अनेक जण मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जातात. येथे नीट चालणारे घड्याळ तेथे चालेल काय?

फोन परदेशात चालतो, कारण दोन देशांतील कंपन्यांमध्ये रोमिंगचे जुने करार असतात. घड्याळाची गोष्ट निराळी. त्याचा आवाज परक्या जाळ्यातून आपल्या कंपनीपर्यंत यावा लागतो आणि तेथे फोनच्या नंबराशी जुळावा लागतो. बराच काळ बहुतेक घड्याळांना ही सोय नव्हतीच. ॲपलने २०२२ मध्ये आपल्या नव्या घड्याळांना परदेशी रोमिंगची मुभा दिली, पण ती प्रत्यक्षात मिळणे न मिळणे पुन्हा मायदेशातील कंपनीवरच अवलंबून राहिले. शिवाय तेथे पोचल्यावर मुले आपल्या फोनात तिकडचे सिम घालून देतात. तसे केले की फोन एका कंपनीचा आणि घड्याळ दुसऱ्या कंपनीचे अशी ताटातूट होते, आणि घड्याळ पुन्हा फोनच्या आधारानेच बोलू लागते.

एक दिलासा मात्र आहे. २०१९ नंतरची ॲपलची सेल्युलर घड्याळे अनेक देशांत तेथील आपत्कालीन क्रमांकाला फोन लावू शकतात, मग घड्याळ कोठूनही घेतलेले असो आणि त्यावर सेवा सुरू असो वा नसो. मात्र बटण दाबून धरण्याची ती रीत वेगळी आहे, ती अगोदर शिकून घ्यावी लागते. आणि तो फोन पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला जातो, ताईला नव्हे. भाऊजींनी जे दाबले ते ताईचे नाव होते. संकटात माणूस आधी आपले माणूस शोधतो. यंत्राने हे गृहीत धरलेले नसते.

पडल्याची जाणीव होऊन आपोआप फोन लावणारी सोयही अनेक घड्याळांत असते. ॲपलने ती २०१८ मध्ये आणली. ५५ वर्षांवरील वय नोंदवले की ती आपोआप चालू होते. जोराने पडल्यावर माणूस सुमारे मिनिटभर हालला नाही तर घड्याळ आपत्कालीन फोन लावते. पण प्रत्येक पडणे तिला ओळखता येत नाही. भाऊजींसारखे हळूहळू खाली बसणे तिच्या लेखी पडणे नव्हेच. आणि ओळखले तरी फोन लावायला फोनचा आधार, वायफाय किंवा टॉवर यांपैकी काहीतरी हवेच.

विकत घेण्यापूर्वी पाच प्रश्न

एक: खोक्यावर नेमके काय लिहिले आहे? ‘ब्लूटूथ कॉलिंग’ लिहिलेले स्वस्त घड्याळ फोन जवळ असेपर्यंतच बोलते. नवी पेठेतील दुकानात ‘‘यावरून बोलता येते ना?’’ असे विचारले तर ‘‘हो’’ हेच उत्तर मिळेल, आणि ते खोटेही नसेल. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘‘फोन घरी ठेवला तर बोलता येते का?’’ ‘एलटीई’ किंवा ‘सेल्युलर’ हा शब्द असेल तरच पुढे जावे.

दोन: मॉडेल क्रमांक कोणत्या भूभागाचा आहे? परदेशातील मुलांनी घड्याळ तेथून पाठवण्याऐवजी पैसे पाठवावेत आणि घड्याळ येथेच घ्यावे, हे बहुधा अधिक शहाणपणाचे. थोडे महाग पडले तरी ते येथील टॉवरसाठी घडवलेले असते.

तीन: आपल्या कंपनीच्या यादीत ते मॉडेल आहे का, आणि आपले कनेक्शन प्रीपेड आहे की पोस्टपेड? याचे उत्तर घड्याळाच्या दुकानातून न घेता मोबाइल कंपनीकडूनच घ्यावे.

चार: वापरणाऱ्याकडे स्वतःचा जुळणारा फोन आहे का? काही घड्याळे कुटुंबातील दुसऱ्याच्या फोनवरून सुरू करून देता येतात. ॲपलने २०२० मध्ये ही सोय आणली, पण ती सर्व देशांत आणि सर्व कंपन्यांकडे एकाच वेळी आली नाही. अशा घड्याळाला स्वतःचा वेगळा नंबर असतो. तो सर्व नातेवाइकांकडे जतन केलेला हवा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून कोणी उचलणार नाही. या पद्धतीत ईसीजीसारख्या काही आरोग्यसोयी मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पाच: दरमहाचे शुल्क कोण भरणार? शुल्क थकले तर घड्याळ वेळ दाखवत राहते, ठोके मोजत राहते, घरात बोलतही राहते. बंद पडतो तो फक्त तिसरा मार्ग.

महिन्यातून एकदा

ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांना माझी एक विनंती आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला, जशी आपण गोळ्यांची डबी तपासतो, तशी घड्याळाची परीक्षा घ्यावी. फोन पूर्ण बंद करून घरी ठेवावा. घरच्या वायफायच्या टप्प्याबाहेर, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावे आणि तेथून घरातील दुसऱ्या माणसाला घड्याळावरून फोन लावावा. मग त्या माणसाने आपल्या नंबरावर उलट फोन करावा. दोन्ही बाजूंनी आवाज आला तर परीक्षा उत्तीर्ण. रोजच्या फिरण्याच्या वाटेवरही एकदा हीच परीक्षा घ्यावी, कारण घराजवळ टॉवर असला तरी तलावाकाठी तो असेलच असे नाही.

प्रवासाला निघताना थोडे अधिक सावध असावे. मोबाइल सेवेसाठी आपल्या देशाची २२ परिमंडळे केलेली आहेत. अक्कलकोटहून पुढे गाणगापूरला गेलो की आपण महाराष्ट्राच्या परिमंडळातून कर्नाटकाच्या परिमंडळात शिरतो. तेथे त्याच कंपनीचे लहरींचे पट्टे थोडे वेगळे असू शकतात. आषाढीत पंढरपुरात लाखो माणसे एकाच वेळी त्याच टॉवरांवर विसंबतात, तेव्हा मोठ्या फोनलाही वाट मिळत नाही. लहान अँटेनाच्या घड्याळाकडून अधिक अपेक्षा करू नये. टॉवर दूर असेल तर घड्याळाची बॅटरीही लवकर उतरते, आणि टॉवरवरून सलग बोलल्यास ती घटकाभराची सोबती ठरते. म्हणून फिरायला जाण्यापूर्वी, स्नान आणि चहा होईपर्यंत, ते चार्जरवर ठेवण्याची सवय चांगली.

आणि शेवटी, कोणत्याही टॉवरची गरज नसलेली दोन साधने. एक छोटे कार्ड: त्यावर नाव, पत्ता, घरच्या दोन माणसांचे नंबर, रक्तगट, चालू औषधे आणि ज्याची ॲलर्जी आहे त्या औषधाचे नाव. ते सदऱ्याच्या खिशात किंवा पर्समध्ये कायम असावे. दुसरे साधन म्हणजे ठरलेली वेळ: फिरून परत येण्याची वेळ घरी ठाऊक असावी, आणि वीस मिनिटे उशीर झाला तर कोणी बघायला जायचे हेही ठरलेले असावे. पोलीस व सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत.

भाऊजींनी घड्याळ टाकून दिलेले नाही. ते अजूनही पावले मोजतात, ठोके पाहतात आणि रात्री भाचीला आकडे सांगतात. फक्त आता ताईने शिवून दिलेल्या कापडी पिशवीत बटणांचा एक साधा फोन असतो, आणि सदऱ्याच्या खिशात ते कार्ड. परवा मी विचारले, ‘‘भाऊजी, ओझे वाटते का?’’ ते म्हणाले, ‘‘घड्याळ लेकीसाठी घालतो, फोन तुझ्या ताईसाठी नेतो.’’ ताई आतून म्हणाली, ‘‘आणि साडेसातच्या आत घरी या, ते माझ्यासाठी.’’